मागची खुर्ची

“आप्पा, तुम्हाला एक शब्दही बोलायचा नाही. फक्त पेपर धरायचा.”

संग्रामच्या एका हातात त्याच्या वडिलांची पांढरी टोपी होती आणि दुसऱ्या हातात घडी केलेले वर्तमानपत्र. मी स्टुलावर उभा राहून दिव्याच्या पट्टीचा सैल झालेला स्क्रू आवळत होतो. खाली उतरलो, पेचकस खिशात ठेवला आणि पुतण्याकडे नीट पाहिले. तो थट्टा करीत नव्हता.

“कोणाच्या खुर्चीत बसून धरायचा?”

“बाबांच्या. दुसऱ्या कुणाच्या?”

“तेराव्याचा मांडव अजून दारात आहे, संग्राम.”

“मला माहीत नाही का? खांदा मीच दिला.” मग त्याने टोपी माझ्यापुढे केली. “पण बघणाऱ्यांच्या लेखी बाबा रथसप्तमीपर्यंत आहेत. मग सांगू. फोटोला हार घालून रीतसर सांगू. तुमची बोटं त्यांच्यासारखी आहेत, बसणं त्यांच्यासारखं आहे. पेपरामागं तोंड कुणाला दिसतंय?”

विश्वास हा माझा धाकटा भाऊ, संग्रामचा बाप. विट्यात त्याचे यंत्रमाग होते. ते भंगारात निघाल्यावर तो घरी बसला आणि घर चालू लागले ते त्याच्या पत्नीच्या, रत्नमालेच्या उखाण्यांवर. एका लग्नात तिने घेतलेला उखाणा संग्रामने मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकला, आणि पाहता पाहता आटपाडीच्या पलीकडे कधी न गेलेल्या या बाईला पुण्या-नागपूरच्या बायका ‘रत्नाकाकू’ म्हणू लागल्या. पुढे व्हिडिओंवर जाहिराती लागल्या. त्याही पुढे साडीवाले आणि भांडीवाले स्वतः दारात येऊ लागले.

व्हिडिओची मांडणी ठरलेली असे. पुढे पाटावर बसून रत्नमाला सुपात जोंधळे निवडणार, सुनांच्या आणि सासवांच्या गोष्टी सांगणार आणि शेवटी उखाणा घेणार. मागे वेताच्या खुर्चीत विश्वास, तोंडापुढे पेपर धरून. “गिरणीच्या दारात जोंधळ्याचं पोतं, विश्वासरावांचं घोरणं अख्ख्या आळीला ऐकू येतं,” असे ती म्हणाली की पेपरामागून खोकल्याची उबळ येई, पेपर नाकापर्यंत खाली सरके आणि विश्वास डोळे वटारी. त्या खोकल्यावर लोक हसून लोळत. तो खोकला यंत्रमागावर वर्षानुवर्षे छातीत साठलेल्या कापसाच्या तंतूंचा होता. परंतु मोबाइलच्या पडद्यावर तो फारच विनोदी वाटे.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो होतो. तंत्रनिकेतनातील पदविकेनंतर सारा जन्म यंत्रांपाशी गेला. पत्नी वारल्यापासून दुपारचे जेवण विश्वासकडे असे, आणि खाल्ल्या अन्नाची उतराई म्हणून संग्रामच्या चित्रीकरणाची विजेची बाजू मी सांभाळत होतो. माजघराच्या खिडक्यांना काळे पडदे लावले, म्हणजे उन्हाप्रमाणे उजेड बदलणार नाही. लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर दिव्यांच्या पट्ट्या बसवून त्यांपुढे पांढरे मलमल ताणले, म्हणजे चेहऱ्यावर सावली पडणार नाही. आणि सगळ्या दिव्यांना मिळून एकच कळ ठेवली. विश्वास म्हणाला होता, “एकच कशाला? प्रत्येकाला वेगळी ठेव की.” मी त्याला वर्कशॉपचा नियम सांगितला होता. यंत्र कोणतेही असो, ते एका हाताने थांबवता आले पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मी रत्नमालेचा थोरला दीर. आमच्याकडे थोरल्या दिराशी भावजय समोरासमोर बोलत नाही, त्याच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून तिने मला उद्देशून एक वाक्य उच्चारले नव्हते. जे बोलायचे ते तिसऱ्या माणसाला. “आप्पास्नी इचार, भाकरी वाढू का.” आणि मीही, “तिला सांग, अर्धी.” तिसरे माणूस नसेल तेव्हा ती उंबऱ्याशी बोले, “उंबऱ्या, च्या निवतोय बघ,” आणि मी चहा उचली. विश्वासला याचे भारी हसू येई. “तुम्ही दोघं मला टपालखात्यात नोकरी द्या,” असे तो म्हणायचा.

मार्गशीर्षात त्याची छाती भरली. दवाखान्यात त्याचा तो खोकला शेवटी शेवटी शिट्टीसारखा होत गेला. श्वास आत घेताना सूं असा आवाज येई. रत्नमाला त्याच्या पायाशी बसून असे. संक्रांतीच्या आधीच तो गेला.

दहाव्याला नात्यातल्या दोन म्हाताऱ्या तिचे कुंकू पुसायला उठल्या, तेव्हा घरातला वडीलधारा म्हणून मी मध्ये पडलो. म्हणालो, “कुंकू तिचे आहे. ठेवायचे की नाही ते ती ठरवील.” म्हाताऱ्या तोंडे फिरवून बसल्या. रत्नमालेने पदर पुढे ओढला. कुंकू राहिले.

आणि आता माझ्यासमोर टोपी धरून उभा असलेला संग्राम नेमके तेच वाक्य माझ्यावर उलटवत होता.

“कुंकू राहू दे असं तुम्हीच म्हणालात ना, आप्पा? मग? कुंकू आहे, मंगळसूत्र आहे. नुसती खुर्ची रिकामी आहे, तेवढी भरायची.”

“गावाला ठाऊक आहे, तो गेला ते.”

“गावातलं कोण बघतंय आपल्याला? एकानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. खोडलं, आणि त्याला ब्लॉक करून टाकलं.” त्याने आवाज खाली आणला. “साडीवाल्यानं हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाचे पैसे आधीच दिलेत. ते बाबांच्या दवाखान्यात गेले. आज लाइव्ह झालं नाही तर तो परत मागणार. कुठनं आणू? विधवेचं हळदी-कुंकू कुठला साडीवाला दाखवतोय, सांगा तुम्हीच.”

त्याच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखे फारसे नव्हते, आणि हीच अडचण होती. मी एवढेच म्हणालो, “माझ्यापुढे बसून ती विश्वासचे नाव घेईल, हे होणार नाही. मी खुर्चीत बसणार नाही.”

“ठीक आहे. मी बसतो.”

“तू?”

“फोन स्टँडवर आहे. चालू केला की झालं. दुसरा फोन पेपरामागं धरतो, म्हणजे लोक काय लिहितात ते आईला हळूच सांगता येईल. बरंच झालं की.” त्याने आरशाकडे न पाहता टोपी घातली. ती त्याला नेमकी बसली.

मी घरी जायला निघालो. त्याच वेळी आतल्या खोलीतून रत्नमाला बाहेर आली. अंगावर साडीवाल्याने पाठवलेली काळी चंद्रकळा, हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. खुर्चीत टोपी घालून बसलेल्या मुलाकडे तिची नजर गेली आणि हातातले हळदी-कुंकवाचे करंडे तिने दाराच्या चौकटीला टेकवले.

“कशी दिसते टोपी?” संग्रामने विचारले.

“डावीकडं कलती घालायचे ते,” ती म्हणाली.

संग्रामने टोपी डावीकडे कलती केली.

ती पाटावर येऊन बसली, सूप मांडीजवळ ओढले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आप्पास्नी म्हणावं, जाऊ नका. दिव्यापाशी थांबा.”

मी थांबलो. कळीच्या फळीजवळ, भिंतीला टेकून, फोनच्या डोळ्याला दिसणार नाही असा.

चार वाजता लाइव्ह सुरू झाले. पडदे ओढलेले असल्यामुळे बाहेर लख्ख ऊन असूनही आत फक्त माझ्या दिव्यांचाच पांढरा उजेड होता. रत्नमालेने हात जोडले. तिचा आवाज जसा नेहमी असे तसाच निघाला, आणि मला त्याचेच आश्चर्य वाटले.

“बायांनो, तिळगूळ घ्या, गोड बोला. सासूशी बोलू नका, तिला काय पचायचं न्हाई.”

पेपरामागे फोन थरथरला. संग्राम कुजबुजला, “हसतायत. चालू ठेव.”

तिने साडीचा पदर पसरून दाखवला, काठ दाखवला, दुकानाचे नाव दोनदा घेतले. करंड्यात बोट बुडवून फोनच्या दिशेने कुंकू लावल्यासारखे केले. “कोल्हापूरच्या सुरेखाताई,” संग्राम कुजबुजे, आणि ती म्हणे, “सुरेखाताई, ह्ये तुमास्नी. अखंड सौभाग्यवती व्हा.” “परभणीच्या मंदाकाकू.” “मंदाकाकू, ह्ये तुमास्नी.” प्रत्येक वेळी तिचे बोट हवेत कुंकवाचा ठिपका ठेवून परत येत होते. मी त्या बोटावर लक्ष ठेवून होतो.

“आई, विचारतायत, काका आज गप्प का.”

रत्नमालेचा हात सुपात थांबला. “त्यांस्नी जरा बरं न्हाई,” ती फोनकडे पाहून हसून म्हणाली. “थंडी बाधलीया.”

“काका खोकले नाहीत म्हणतायत,” संग्राम पुन्हा कुजबुजला. “सगळ्या तेच लिहितायत. उखाणा घे, मी करतो.”

तिने मान किंचित मागे वळवली. “काय करतोस?”

“घे तू उखाणा.”

तिने घेतला. कोणता घेतला ते मला आठवत नाही, कारण त्यापाठोपाठ जे झाले त्याने तो माझ्या ध्यानातून पुसला गेला. पेपरामागून खोकला आला. आधी घशात अडकलेला, मग दोन ठिकाणी तुटलेला, आणि शेवटी आत ओढलेला तो श्वास, सूं असा. मुलगा वडिलांच्या उशाशी रात्रंदिवस बसला होता. त्याने पूर्वीचा गमतीचा खोकला काढला नव्हता. जो त्याच्या कानात ताजा होता तो शेवटचा, दवाखान्यातला खोकला त्याने काढला होता, आणि तो अगदी हुबेहूब होता. मग पेपर नाकापर्यंत खाली सरकला. टोपीखाली विश्वासच्या भुवया आणि विश्वासचे डोळे होते. ते वटारले गेले.

रत्नमाला वळून त्या डोळ्यांकडे पाहत राहिली. सूप तिच्या मांडीवरून कलंडले आणि जोंधळे फरशीवर सांडत गेले. सांडायचे थांबले तेव्हा ती पुन्हा फोनकडे वळली. तिने करंडा उचलून शांतपणे त्याचे झाकण लावले.

“अजून एक घेते,” ती म्हणाली. “आजचा शेवटचा.

संक्रांतीचं वाण दिलं, भरली साऱ्यांची ओटी,
विश्वासराव गेले सोडून, मागची खुर्ची खोटी.”

पेपर जागच्या जागी गोठला.

“गेले ते,” ती म्हणाली. “तेरावं झालं. त्यो माझा लेक हाय, टोपी घालून बसलाय. तुमास्नी फसवलं, बायांनो. माफी करा.” तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. तिने कपाळावर हात नेला, कुंकवापाशी आणून थांबवला, तसाच खाली आणला, आणि काय करावे न कळून एकाएकी माझ्याकडे पाहिले. सरळ, डोळ्याला डोळा देऊन.

“आप्पा, दिवा बंद करा.”

लग्न होऊन घरात आल्यापासून तिने मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले वाक्य होते. मी कळ दाबली.

काळ्या पडद्यांनी आपले काम चोख केले. माजघर विहिरीसारखे काळे झाले. तिच्या बांगड्या फरशीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मग तिचे रडणे, तोंडात पदर कोंबल्यासारखे. त्या अंधारात एकच वस्तू उजळलेली होती. पेपर. मागच्या फोनच्या उजेडाने तो आतून पिवळा झाला होता, आणि माझ्या बाजूने मला त्यामागचा चेहराही दिसत होता. बापाच्या टोपीखाली मुलाचा चेहरा. तो आईकडे पाहत नव्हता. त्याची नजर फोनवर होती आणि ओठ हलत होते. तो आकडे वाचत होता.

मी चाचपडत खिडकीशी गेलो आणि पडदा धरला.

“पडदा नको, आप्पा,” तो श्वासाच्या आवाजात म्हणाला. “चालू आहे अजून.”

मी पडदा ओढला. उन्हाचा लोट आत आला. संग्रामने धावत जाऊन फोन बंद केला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खोटे नव्हते हे मला सांगितले पाहिजे.

रत्नमाला जोंधळ्यांत बसली होती. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “पैसं मागतील न्हवं आता? साडी परत देऊ. नेसली एकदाच हाय.”

“चुकलं?” संग्राम तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे पाय धरले, मग फोन तिच्या तोंडापुढे धरला. “आई, हे बघ. हे काय आहे तुला कळतंय? आजवरच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून एवढे नव्हते. अजून येतायत. बायका रडतायत, आई. हे वाच, ‘असा मुलगा सर्वांना मिळो.’ ‘आईसाठी बापाच्या खुर्चीत बसला.’ हे वाच, ‘अंधारात पेपर उजळला, काका आले होते.’”

ती फोनकडे पाहत नव्हती. तो माझ्याकडे वळला.

“आप्पा, तुम्ही जरा घाई केलीत. तिचा चेहरा अजून क्षणभर दिसायला हवा होता. पुढच्या वेळी एक श्वास मोजा आणि मग बंद करा.”

मी पेचकस काढून दिव्यांची चौकट खोलायला घेतली. त्याने मला अडवले नाही. दुसऱ्या दिवशी साडीवाल्याने याहून मोठी चौकट स्वखर्चाने पाठवली.

पुढचे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, फक्त ते कोठून आले हे ठाऊक नसेल. ते वाक्य आणि पाठोपाठ येणारा अंधार कापून लोकांनी त्याला बासरी लावली, तबला लावला. वीज गेली की शाळेतली पोरे “आप्पा, दिवा बंद करा” म्हणून ओरडू लागली. कपांवर ते छापले गेले. कुठल्याशा मंडळाने संग्रामला आदर्श पुत्राचा पुरस्कार दिला आणि त्याने तो वडिलांची टोपी घालून स्वीकारला. त्या एका उखाण्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही उखाण्याला कोणी विचारीना. रत्नमालेने सासू-सुनांच्या गोष्टी पुन्हा सांगून पाहिल्या. खाली लोकांनी लिहिले, ‘काकू, काकांचा घ्या ना. तो ऐकून रडायला येतं.’

काही वर्षांनी कऱ्हाडात त्या साडीवाल्याच्या नव्या दुकानाचे उद्घाटन होते. संग्रामने मला गाडी पाठवली. मी गेलो, कारण तिला पाहून बरेच दिवस झाले होते. दुकानात एका बाजूला फिक्या रंगांच्या साड्यांची वेगळी रांग लावली होती आणि वर पाटी होती, ‘रत्नाकाकूंची निवड’. मध्ये छोटे व्यासपीठ. त्यावर पाट, सूप आणि मागे वेताची खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हते. पेपर तारेने ताणून बसवला होता आणि त्यामागे छोटा दिवा होता.

रत्नमाला आली. रोड झाली होती. तिने तिळगुळाचा विनोद केला, दुकानाचे नाव दोनदा घेतले, उखाणा घेतला. ‘खोटी’ या शब्दावर तिचा आवाज नेमका तेथेच फाटला. हात कपाळाशी गेला, थांबला, खाली आला. मग तिने व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या दुकानाच्या वायरमनकडे डोळ्याला डोळा देऊन पाहिले.

“आप्पा, दिवा बंद करा.”

त्या पोरगेल्या माणसाने एक श्वास मोजला आणि कळ दाबली. अंधारात पेपर उजळला. पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देऊ लागल्या, मग टाळ्या सुरू झाल्या.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत गेलो. ती खुर्चीवर बसून पाणी पीत होती आणि संग्रामला विचारीत होती, “आज हुंदका ल्हान झाला का रं?”

“ठीक होता. सकाळच्यापेक्षा बरा,” तो फोनमधून मान न काढता म्हणाला.

मी दारात दिसताच ती खुर्चीवरून उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, भिंतीकडे सरकली आणि मुलाकडे तोंड करून म्हणाली, “आप्पास्नी इचार, जेवून जाणार का.”

“तिला सांग, हो, जेवतो,” मी म्हणालो.

संग्राम फोनमध्ये आकडे पाहत होता. तो काहीच बोलला नाही. मी काय म्हणालो ते तो सांगेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.